पाठमोरा मान

बाभूळदरा नगरपरिषदेच्या स्मृतिभोजनाला जहांगीरभाई पठाण चौतीस वर्षं हजर होते आणि चौतीसही वर्षं उपाशी होते. यात कुणाचा आकस नव्हता. नगरपरिषदेचा अभिलेखपाल, म्हणजे जुनी दप्तरं सांभाळणारा कारकून, भोजनाच्या दिवशी हजेरीची वही घेऊन सभागृहाच्या दारात उभा राहतो, पंगतीकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड करून, अशी तिथली रीतच होती. पातेली उपडी होईपर्यंत त्यानं वळायचं नाही. जहांगीरभाई नोकरीला लागले त्या वर्षी त्यांना हे सांगण्यात आलं. त्यांनी मान डोलावली, आणि तेव्हापासून दर जानेवारीत ती मान रस्त्याकडेच राहिली.

त्यामुळे हे भोजन त्यांना फक्त कानांनी आणि नाकानं माहीत होतं. आधी पत्रावळींची सळसळ व्हायची, मग येसराच्या आमटीचा वास पाठीमागून येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा, मग भरल्या वांग्यांचा, आणि शेवटी लापशीवर तूप पडलं की जहांगीरभाईंचे डोळे आपोआप मिटायचे. समोर रस्त्यावर एखादी म्हैस निवांत जात असायची. ते वहीत तिच्याच हजेरीची खूण करायचे.

जे दिसत नाही ते माणूस मनात मांडतो, आणि जहांगीरभाईंना मांडायची हौस दांडगी. त्यांच्या दप्तरखान्याला एक खिडकी होती, खिडकीबाहेर कडुलिंब होता आणि दुपारी त्या कडुलिंबातून गाळून आलेलं ऊन जुन्या फायलींवर पडायचं. धूळ त्या उन्हात सावकाश तरंगायची. एखादी वही पुढे ओढून ते तासन्‌तास तिच्याकडे पाहत बसायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, माणूस कामात आहे. माणूस पंगतीत असायचा. त्या पंगतीत आमटी सोन्यासारखी पिवळी होती, वाढपी हळू आवाजात आग्रह करत होते, आणि पहिला घास घेतल्यावर सगळे एकमेकांकडे बघून नुसते हसत होते. गेल्या काही वर्षांत तर त्यांनी खाली निळी सतरंजीही अंथरली होती.

यंदा एकतीस जानेवारीला ते निवृत्त होणार होते. भोजन होतं जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. म्हणजे पंगतीत बसायचं तर याच वर्षी, नाहीतर कधीच नाही. ही गोष्ट त्यांनी फक्त बायकोला, सगीराला सांगितली.

"यंदा मी पंगतीत बसणार."

"बसा की! मी कशाला नक्को बोलू?" सगीरा तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "पण तुम्ही बोलणार कुणाला? चौतीस साल झाले, तुमच्या तोंडातून आवाजच निघंना."

"नवीन अध्यक्ष आलेत. बघू."

नवीन नगराध्यक्ष होते पुंडलिकराव बनकर. त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं आणि सोबतचं पुस्तक वाचल्याशिवाय ते कुठल्याही मोटारीचा स्क्रू हलवत नसत. त्यांनी निवडणूक पहिल्यांदाच लढवली होती, पहिल्यांदाच जिंकली होती आणि स्मृतिभोजनही ते पहिल्यांदाच बघणार होते. भोजनाच्या तयारीच्या बैठकीत त्यांनी एक असा प्रश्न विचारला जो आजवर कुणालाच सुचला नव्हता.

"हे भोजन कशाच्या स्मरणार्थ हाय?"

बद्रीनाथ साबळे पाचव्यांदा निवडून आलेले, त्यामुळे सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. बद्रीनाथांनी घसा साफ केला.

"स्मृतिभोजन हाय ना साहेब. म्हंजी स्मृतीच्या स्मरणार्थ."

"कुणाच्या स्मृतीच्या?"

"ते काय नाव ठेवलं नाय त्यांनी."

"कागद दाखवा," पुंडलिकराव म्हणाले. "पहिली भाकरी एका घराला, तांब्या दुसऱ्या घराला, एक माणूस दारात पाठमोरा. हे सगळं कशावरून? जहांगीरभाई, तुम्ही दप्तरातून ह्या भोजनाचा इतिहास काढा. पंधरा दिवसांनी सभेत वाचून दाखवा. आपण पुस्तिका छापू. कागदावर असंल ते करू, कागदावर नसंल ते बंद."

पहिल्या भाकरीचा मान कडूबाई वाघांच्या घराण्याचा होता. त्या स्वतः नगरसेविका होत्या आणि त्यांनी तिथल्या तिथं पदर खोचला. "बंद म्हंजी? चार पिढ्याची भाकर हाय आमची!"

"कागदावर असली तर ऱ्हाईल की, मावशी."

जहांगीरभाई उभे राहिले. "साहेब, दारात उभं राहायचं जर कागदावर नसलं तर?"

"तर बसा पंगतीत," पुंडलिकराव म्हणाले. "माझ्याशेजारी बसा."

पुढच्याच रविवारी जहांगीरभाई बसनं शहरात गेले. मुकुंदवाडीला मुलीकडे उगीच घटकाभर टेकले, तिचा चहा अर्धा टाकून उठले आणि गुलमंडीत एका कापडाच्या दुकानात शिरले. दुकानदारानं नऊ तऱ्हेची पांढरी कापडं उलगडली. जहांगीरभाई प्रत्येक कापडाचं टोक मुठीत दाबून बघत होते.

"कशासाठी पाहिजे, चाचा? शादी है क्या घर में?"

"शादी नाय. मांडी घालून बसल्यावर चुरगळणार नाय असं दाखवा."

कापड मिळालं, कुरता शिवायला पडला, आणि जहांगीरभाई दप्तरखान्याच्या तळाशी उतरायला लागले. काम सोपं वाटलं होतं. गेल्या वर्षीची फाईल काढली, तिच्यात भोजनाचा ठराव होता: भोजन गतवर्षीप्रमाणे करावे. त्याच्या आधीच्या वर्षी, गतवर्षीप्रमाणे. त्याच्याही आधी, गतवर्षीप्रमाणे. प्रशासकाच्या काळात सभा झाल्या नव्हत्या, पण भोजन गतवर्षीप्रमाणे झालं होतं. रोज दुपारी ते सात-आठ गठ्ठे सोडत आणि एकेक वर्ष मागे जात. कागद पिवळे होत गेले, अक्षर सुंदर होत गेलं, टाचण्या जाऊन दोरे आले. एका दुपारी मराठी संपली आणि निजामाच्या काळातलं उर्दू दफ्तर सुरू झालं. नगरपरिषदेची बलदिया झाली, इसवी सन जाऊन निजामशाहीचा फसली सन आला, आणि तिथंही कुणीतरी बारीक वळणदार अक्षरात लिहून ठेवलं होतं: पिछले साल की तरह.

उर्दू वाचणारे नगरपरिषदेत ते एकटेच उरले होते. वडिलांनी लहानपणी पाटीवर शिकवलेलं इतक्या वर्षांनी कामाला आलं, याचं त्यांना फार बरं वाटलं. सगळ्यात तळाशी तेराशे चव्वेचाळीस फसलीची फाईल होती. त्यात एवढंच होतं, की त्या मुबारक दिवसाच्या आठवणीत मागच्या वर्षासारखं जेवण व्हावं. त्याच्याखाली फाईल नव्हती, फक्त फळी होती. तो मुबारक दिवस कोणता, हे कुठल्याच कागदाला माहीत नव्हतं. जहांगीरभाई खिडकीतून बाहेर बघत बसले. असा एखादा दिवस असेलच, त्यांना वाटलं, की ज्या दिवशी गावात सगळं ठीक होतं आणि कुणाला काही लिहून ठेवावंसं वाटलं नाही.

बाकीचा उलगडा मात्र वर येताना, आधी नुसता ठराव बघून बाजूला ठेवलेल्या सहा फायलींत झाला, आणि तो वाचून ते आधी हसले, मग घाबरले. तेराशे सेहेचाळीस साली पहिली भाकरी करपली. टाकून द्यावी की कसं, यावर कमिटीत चर्चा झाली. शेवटी ती चुलीजवळ डुलक्या घेणाऱ्या सखाराम वाघांच्या पानात वाढली, कारण त्यांना कळणार नव्हतं. 'कळलं नाही,' अशी पुढे नोंद होती. पुढच्या साली दगडू साबळ्यांना उचकी लागली. ती थांबेना, म्हणून पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढेच ठेवला आणि इतरांना त्रास नको म्हणून त्यांना पंगतीच्या टोकाला बसवलं. आणि तेराशे एकोणपन्नास साली दफ्तर सांभाळणाऱ्या ख्वाजा मियाँचं पोट बिघडलं. अन्न दिसलं तरी त्यांना मळमळायचं, म्हणून ते दारात रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. रिकामा माणूस दारात बरा दिसत नाही, म्हणून त्यांच्या हातात वही दिली.

जहांगीरभाईंनी पुढची फाईल उघडली. तेराशे पन्नास: ख्वाजा मियाँनी कळवलं की त्यांचं पोट आता बरं आहे. कमिटीनं आनंद व्यक्त केला. उभं राहण्याचं मागच्या वर्षासारखं.

म्हणजे मोकळे! एका बिघडलेल्या पोटापायी आपण चौतीस वर्षं उभे होतो, याचा राग यायला हवा होता, पण आला तो आनंदच. त्यांनी इतिहास जसा होता तसा स्वच्छ अक्षरात लिहून काढला, सोबत मूळ फायली बांधल्या आणि कुरता आणायला ते शिंप्याकडे गेले.

सभेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. कडूबाई तिन्ही सुना, दोन नाती आणि एक माहेरची भावजय घेऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी घरातली चांगली जरीची साडी काढली होती आणि ऐकण्याआधीच त्यांचे डोळे पाणावले होते. बद्रीनाथांनी मानाचा तांब्या चिंचेनं घासून मांडीवर घेतला होता. पुंडलिकरावांच्या हातात पेन्सिल होती.

"मुळापासनं वाचा, जहांगीरभाई. त्या जुन्या कागदावरूनच वाचा."

जहांगीरभाईंनी आपला लिहिलेला कागद खिशात घातला आणि उर्दू फाईल उघडली. "तेराशे सेहेचाळीस फसली. भोजनाच्या दिवशी पहिली भाकरी... उतरली. तेव्हा चुलीपाशी सखाराम वाघ बसले होते."

"आमचे आजेसासरे!" कडूबाईंनी सुनांना सांगितलं. "लई जागरूक माणूस म्हणायचे. कवा डोळ्याला डोळा लागला नाय त्यांचा. व्हय ना ओ भाऊ, लिव्हलंय ना तसं?"

जहांगीरभाईंनी कागदाकडे पाहिलं, मग कडूबाईंकडे पाहिलं. सात बायका त्यांच्याकडे बघत होत्या. धाकटी नात तर तोंड उघडं टाकून बघत होती.

"व्हय," ते म्हणाले. "जागे होते."

खोटं एवढंच होतं, दोन शब्दांचं. पण पुंडलिकराव कागदाचे पक्के. ते उठून आले आणि फाईलवर वाकले. "कुठला शब्द 'जागे'?"

जहांगीरभाईंनी घाबरून बोट ठेवलं ते नेमकं 'करपली' या शब्दावर. पुंडलिकरावांनी त्या शब्दाखाली पेन्सिलीनं आदरानं रेघ मारली. मग जागे होते म्हणजे काय करत होते, असा प्रश्न निघाला. तेव्हा सगळा गाव झोपला असता सखाराम वाघ भोजनाच्या चुलीचा विस्तव राखत बसले होते, आणि कमिटीनं म्हणून पहिली भाकरी त्यांना दिली, असं जहांगीरभाईंना वाचावं लागलं. कडूबाई मोठ्यानं रडल्या. भावजयही रडली, तिचा तर वाघांशी काही संबंध नव्हता.

एका घराला एवढं दिल्यावर दुसऱ्याला उचकी कशी देणार? बद्रीनाथ तांब्या कुरवाळत होते. त्यांच्या पणजोबांनी दुष्काळाच्या साली डोंगरापलीकडून, सोयगावच्या बाजूनं, डोक्यावर पाणी वाहून आणलं आणि सगळ्यांना पाजून स्वतः पंगतीच्या टोकाला बसले, असं दप्तरात निघालं. बद्रीनाथ उभे राहिले, पण त्यांना बोलता येईना. पाच निवडणुकांत पहिल्यांदाच त्यांना बोलता येत नव्हतं.

"कागदावर हाय?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"हाय की, साहेब."

"वा! आता दारातल्या माणसाचं वाचा."

जहांगीरभाईंनी शेवटची फाईल पुढे घेतली. आता फक्त जे आहे ते वाचायचं. पोट बिघडलं, मळमळ झाली, उभे राहिले, संपलं. घरी कुरता इस्त्री करून खुंटीला टांगलेला होता. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना त्या भरल्या सभागृहात एकदम ख्वाजा मियाँची आठवण आली. ज्याला कधी पाहिलं नाही त्याची काय आठवण येणार, पण आली. वाघांचे सहा जण रडायला होते, साबळ्यांचा पणतू समोर उभा होता. ख्वाजा मियाँचं इथं कोणी नव्हतं. पुस्तिका छापली जाईल, गावभर वाटली जाईल, आणि सगळ्या थोर माणसांच्या मध्ये हा एकटाच पोट धरून दारात उभा राहील. पोट बरं झालं हे सांगितल्यावरही ज्याला कुणी बसवलं नाही, त्याला आता मीही हसू द्यायचं? जहांगीरभाईंना ते जमेना.

"ख्वाजा मियाँ," त्यांनी वाचलं, आणि त्यांचा आवाज आपोआप खाली आला, "ख्वाजा मियाँ म्हणाले, आज गावात कुणी उपाशी असंल तर तो ह्याच रस्त्यानं येईल. मी त्याची वाट बघतो. शेवटचा उपाशी माणूस आत येईस्तोवर मी अन्नाकडं तोंड करणार नाय. आणि ते दारात उभे राहिले."

पाठीमागच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि सगळे त्या दाराकडे बघत होते, तिथं खरंच कुणी उभं असल्यासारखे. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. पुंडलिकराव चष्मा पुसत उठले.

"असा मान आपण बंद करायला निघालो होतो! मी ठराव मांडतो. अभिलेखपालानं दारात उभं राहायचा मान कायम राहावा. दारातून तो सांगंल, 'आता गावात कुणी उपाशी नाय,' तवाच पंगतीनं पहिला घास घ्यावा. आणि ज्यांनी हा इतिहास उजेडात आणला ते जहांगीरभाई निवृत्त झाल्यावरसुद्धा हा मान त्यांनाच, हयात असेस्तोवर! फेट्यासकट!"

ठराव एकमतानं मंजूर झाला. जहांगीरभाईंचाही हात वर होता, कारण तो बद्रीनाथांनी आनंदाच्या भरात धरून वर केला होता.

सगीरानं सगळी हकीकत ऐकली आणि कपाळावर हात मारला. "हौ जी! पोट बिघडलं त्या ख्वाजा मियाँचं, आणि भोगणार तुम्ही? एक झूट स्वतःसाठी बोलायला काय झालतं?"

"त्याचं कुणीच नव्हतं, सगीरा."

सगीरानं खुंटीवरचा कुरता काढला, झटकला आणि त्यांच्यापुढे ठेवला. "घालून उभे ऱ्हावा. उभ्यानं तर अजिबात चुरगळणार नाय."

तिसऱ्या रविवारी ऊन कोवळं होतं. जहांगीरभाई पांढरा कुरता आणि गुलाबी फेटा घालून दारात उभे राहिले, पाठीमागे पत्रावळी सळसळल्या, आणि आमटीचा वास ओळखीच्या पावलांनी आला. त्यांनी डोळे मिटून घेतले. आयुष्यभर असंच उभं राहायचं आहे तर निदान निळी सतरंजी तरी नीट आठवून ठेवावी, असा त्यांचा विचार होता.

पण उपाशी माणसाची वाट बघायची असा ठराव होता आणि तो गावभर झाला होता. बारा वाजता रसवंतीवाला आला. "उपाशी हायस का?" जहांगीरभाईंनी विचारलं. "सकाळपासनं," तो म्हणाला. त्याला आत पान मांडलं. मग बँडवाले सात जण आले, वाजवून दमलेले. मग नादुरुस्त झालेल्या एसटीचा ड्रायव्हर, कंडक्टर आणि सोयगावला निघालेले अकरा प्रवासी. प्रत्येकाच्या वेळी पंगत सरकायची, पत्रावळी उचलून पुन्हा मांडल्या जायच्या आणि पानातली आमटी आणखी निवायची. आतून बद्रीनाथांचं कण्हणं ऐकू येत होतं.

"अहो भाऊ, एखादा उपाशी ऱ्हायला तर ऱ्हाऊ द्या की!"

"ठराव हाय, बद्रीनाथराव," पुंडलिकराव म्हणाले. ते स्वतःही पोट दाबून बसले होते.

दीड वाजला. रस्ता रिकामा झाला. लांबवर फक्त ऊन होतं आणि एक कुत्रं सावलीत आडवं झालं होतं.

"जहांगीरभाई, बघा नीट. कुणी हाय?"

"रस्त्यावर कुणी नाय, साहेब."

"मग म्हणा!"

जहांगीरभाईंनी श्वास घेतला. पाच शब्द म्हणायचे होते. भरल्या सभेत सखाराम वाघांना जागं करताना जीभ अडखळली नव्हती, दगडू साबळ्यांना डोंगरावरून आणताना दम लागला नव्हता. आता मात्र हे एवढंसं खोटं त्यांना म्हणवेना. चौतीस वर्षांची भूक सगळी एकदम पोटात उभी राहिली. त्यांनी न वळता सांगितलं.

"एकजण ऱ्हायलाय, साहेब."

"कोण?"

"मी."

पाठीमागे चुलीवरची लापशी खदखदताना ऐकू आली. मग पुंडलिकरावांचा आवाज आला, "वळा, जहांगीरभाई. वळा इकडं." आणि जहांगीरभाई वळले.

सतरंजी निळी नव्हती. सतरंजी नव्हतीच, ताडपत्री होती. पण साठ-सत्तर माणसं हात आवरून बसली होती आणि सगळी त्यांच्याकडे बघत होती. त्यांचे डोळे भरून आले.

"बसवा त्यांना," कडूबाई म्हणाल्या.

"बसवा, पण दार मोकळं ठेवता येणार नाय," बद्रीनाथ म्हणाले. "ठराव हाय. कुणीतरी उभं ऱ्हायलाच पायजे."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वाघांना भाकरीचा मान होता, साबळ्यांना तांब्याचा, पाहुणे तर पाहुणेच. ज्याला चार पिढ्यांचा कसलाच मान नव्हता असा पंगतीत एकच माणूस होता. पुंडलिकराव उठले, त्यांनी जहांगीरभाईंच्या हातातली वही घेतली आणि दारात जाऊन रस्त्याकडे तोंड केलं.

"अन्‌ आता हे उपाशी नायत का?" कडूबाईंना शंका आली.

"मी सकाळी खिचडी खाऊन आलोय," पुंडलिकराव पाठमोरे म्हणाले. खाल्ली नव्हती. नगराध्यक्ष झाल्यापासून कागदाशिवाय बोललेलं त्यांचं हे पहिलंच वाक्य होतं. "आता गावात कुणी उपाशी नाय. घ्या पहिला घास!"

जहांगीरभाई नगराध्यक्षांच्या पानावर बसले. मांडी घातली. कुरता खरंच चुरगळला नाही. भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, डोळे मिटले आणि तोंडात घातला.

आमटीत मीठ नव्हतं.

कमी नव्हतं, नव्हतंच. त्यांनी वांगं चाखून बघितलं. त्यातही नव्हतं. त्यांनी गोंधळून शेजारी पाहिलं. बद्रीनाथांनी शांतपणे सदऱ्याच्या खिशातून कागदाची एक पुडी काढली, मांडीआड उलगडली आणि मीठ चिमूट-चिमूट आमटीवर सोडलं. पलीकडे कडूबाईंनी कनवटीची पुडी काढली होती. अख्ख्या जुन्या पंगतीचा हात कुठे ना कुठे खिशात होता. नवखे बँडवाले तेवढे एकमेकांकडे बघत होते.

"पुडी आणली नाय व्हय?" बद्रीनाथ कुजबुजले. "लई वर्षांपूर्वी आचारी इसरला म्हणतेत. मानाच्या जेवणाला नावं कशी ठेवायची? म्हणून कुणी बोललं नाय. तवापासनं हे असंच." आणि त्यांनी आपली पुडी जहांगीरभाईंच्या पानाकडे सरकवली. जहांगीरभाईंनी चिमूटभर मीठ हातात घेतलं.

दारात पुंडलिकराव वही छातीशी धरून उभे होते. तूप नुकतंच लापशीवर पडलं होतं आणि तो वास दाराकडे निघाला होता. त्यांची पाठ किंचित मागे झुकलेली जहांगीरभाईंना दिसली. न राहवून त्यांनी रस्त्याकडे बघतच विचारलं, "जहांगीरभाई, कसं झालंय ओ जेवण?"

जहांगीरभाईंनी हातातलं मीठ खाली ठेवलं.

"काय सांगू, साहेब," ते म्हणाले. "तिथनं येतो ना वास, अगदी तस्संच हाय."

पुंडलिकरावांनी आवंढा गिळला आणि डोळे मिटून घेतले.